येते

स्टेटसवर एकच शब्द होता: "जाते." लातूरला नीटची तयारी करणाऱ्या शिवलीलानं तो टाकला आणि मोबाईल बंद केला. चाकूरच्या कापडदुकानात तिच्या बापानं, मल्लिनाथनं, तो वाचला आणि हातातली कात्री गळाली. निघताना "येते" म्हणावं, "जाते" कधीच म्हणू नये, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. दुकान उघडं टाकून त्यानं एसटी पकडली. थांब्याथांब्याला फोन लावला, बंदच. हॉस्टेलच्या खोलीला आतून कडी. दार बडवलं, हाका मारल्या. हूं नाही की चूं नाही. शेवटी खांद्यानं कडी तोडली. कानात कापूस कोंबून पोरगी पुस्तकात बुडालेली. "अप्पा, मोबाईलपायी ध्यानच लागंना, म्हणून इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं सोडलं. तिकडं परत यायचंच न्हाई, मग 'येते' कसं लिहू?" मल्लिनाथ उंबऱ्यातच बसला. "तिकडं नगं," तो म्हणाला, "मला म्हण."