वाळ्यात जपलेला झगा

मार्तिनिक बेटाच्या किनाऱ्यावर दरसाल समुद्रातून परकं शेवाळ चाल करून येई आणि युदोक्सीच्या दारापुढे कुजत पडे. सडक्या अंड्यांची ती घाण भातात शिरे, उशीत शिरे; आईच्या चांदीच्या बांगड्यासुद्धा काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. आणि एका चित्रकर्तीने आणि शास्त्रज्ञाने मिळून त्याच शेवाळाचं म्हणे शहरात प्रदर्शन भरवलं होतं!

“मेल्यांनी उकिरड्याची आरास मांडलीय,” असं करवादत युदोक्सी ते बघायला निघाली. पण घाणीचा वास लागू नये म्हणून वाळ्याच्या जुड्यांत जपलेला ठेवणीतला झगा घालूनच.

दालनात काचेमागे शेवाळाचे झुबके सोन्यासारखे झळकत होते.

“आणि वास कुठाय?” तिने शास्त्रज्ञाला विचारलं.

“वास मुद्दामच नाही ठेवला, मावशी. लोकांना मळमळतं.”

“आणि आम्हाला काय, भूक लागते?” असं फणकारून ती काचेपाशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात एक नटवी बाई तिच्या शेजारी आली, नाकाला रुमाल लावून नवऱ्याला म्हणाली,



“वास मात्र अगदी हुबेहूब जमवलाय हं!”