तोंडातली नळी

"हवेच्या छोट्या टाकीची नळी गळ्यात अडकव. अशी पाठीमागे खोचून ठेवलीस तर ऐनवेळी सापडणार आहे का?" जीझा खडकावरून ओरडली.

"अगं, जन्म गेला माझा या श्लेंडीच्या समुद्रात," तिचा नवरा साल्वू म्हणाला. "ही जादा हवासुद्धा तुझ्या कटकटीपायी बांधलीय."

"एकटा जातोस म्हणून कटकट. जोडीदार बघ की एखादा."

"होता ना, तुझा भाऊ. त्याच्या गुडघ्यांनी संप केला. आता कोण राहिलं? तू येतेस?"

"मी? घोटाभर पाण्यात तरी पाहिलंयस मला?"

दोघंही हसले. साल्वूने पाण्यात उडी घेतली.

खालच्या गुहेत एक म्हातारा गोब्रा मासा राहायचा. त्याला बघायला साल्वू आत वाकला आणि पुढचा श्वास आलाच नाही. ओल्या फडक्यातून ओढावा तसा एक घोट, मग तोही नाही. मोठी टाकी बंद पडली होती.

त्याने पाठीमागे हात घातला. छोट्या टाकीची नळी पट्ट्यात अडकून बसली होती. निघेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेवढ्यात मागून एक हात आला. नळी खसकन सुटली आणि त्याच्या तोंडात बसली.

हवा!

समोर काळ्या पोशाखातलं, काचेआड चेहरा झाकलेलं कुणीतरी होतं. त्याने साल्वूचा दंड धरून त्याला हळूहळू उजेडापर्यंत वर आणलं, 'ठीक?' अशी खूण केली आणि खडकापलीकडे दिसेनासं झालं.

साल्वू पाण्यावर उताणा पडून किती तरी वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग सावकाश किनाऱ्याला लागला.

डिसेंबरचा वारा सुटला होता. जीझा जाड कोटात गुरफटून गाडीत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. तिने त्याच्यापुढे गरम कॉफी धरली.

"बोल ना काहीतरी. शिव्या तरी घाल."

"आलास ना वर? मग झालं."

"पुन्हा एकटा जाणार नाही. मदोन्ना माउलीची शपथ!" त्याचे डोळे भरून आले. "पण कोण देवमाणूस होता गं तो? भेटला, तर हात चुंबीन त्याचे."

"मग घे," जीझा म्हणाली, आणि कोटाच्या बाहीतून पाण्याने सुरकुतलेला आपला हात काढून तिने त्याच्या ओठांपुढे धरला.