चार बोटं उंचीची गाडी

गतिरोधकापाशी पिवळी गाडी थांबवून मिथुन खाली उतरला आणि पुढच्या बंपरखाली हात घालून त्यानं माप घेतलं. चार बोटं. गतिरोधक वीतभर उंच होता.

वडीगोद्री मागं टाकून तीन किलोमीटर झाले होते. गाडी जालन्याच्या एका बियाणेवाल्या शेठची. हैदराबादहून आणून ती पोचती करायची, एवढंच मिथुनचं काम. गाडीचं पोट घासलं तर पुढच्या वेळी दुसरा कोणी आणणार.

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरातून एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. तिनं गाडीभोवती पूर्ण फेरी मारली आणि मग ती मिथुनच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली.

“तोंडावरचा रुमाल काढून बोला, दादा. काय अडलंय?”

धुळीसाठी बांधलेला रुमाल मिथुननं खाली ओढला. “गाडी टेकून राह्यली, ताई.”

“तिरकी घ्या. एकेक चाक चढवा. मी बारदान देते.”

बारदानाच्या घड्या करून तिनं चाकांपुढे रचल्या. मग रस्त्यावर उकिडवी बसून, गाडीखाली बघत, हातानं खुणा करत राहिली. थोडं. अजून थोडं. थांबा. मागचं शेवटचं चाक उतरलं तेव्हा मिथुनचा सदरा पाठीला चिकटला होता.

“लई उपकार झाले, ताई,” गाडीखाली वाकून बघत तो म्हणाला. ती काहीच बोलली नाही. तो उभा राहिला तर ती गाडीच्या टपावरून तळवा फिरवत होती.

“हा उतार मागं असा का सोडलाय?”

“हवा अडू नये म्हणून. ही कूपे हाय, पळायसाठी बनवलेली बुटकी गाडी. सगळी आखणी हवेसाठी.”

“मंग मागं ही फळी उभी कशाला? ती अडवंल की हवेला.”

मिथुनला गंमत वाटली. शेठनंही हे विचारलं नव्हतं. “वेगात गाडी उचलल्यावानी होती. ही फळी तिला रस्त्यावर दाबून धरती. चार सेकंदांत शंभरावर जाती ही.”

“चार?” तिनं लेकराकडं बघितलं. “आमच्या ह्याचं झबलं घालायला त्याहून जास्ती लागतेत. आणि दारं दोनच? लेकरू कुठं बसवायचं?”

“ज्यांना लेकरं हायेत ते घेत न्हाईत ही गाडी.”

ती हसली. मग एकदम म्हणाली, “आवाज लई मोठा असंल हिचा?”

“आवाज बी ठरवून बनवतेत, ताई. सायलेन्सरमधी झडप असती. बटण दाबलं की उघडती.”

“बसून ठरवतेत? कसा पायजे ते?”

“व्हय. खाली किती घुमावा, वर किती चिरकावा, सगळं. त्याचे इंजिनिअर वेगळे असतेत.”

गोष्ट ऐकणारं पोर सांगणाऱ्याकडं बघतं, तशी ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

तेवढ्यात सासू, गोपिकाबाई, ओट्यावरून उतरून आल्या. त्यांनी तिचा पदर ओढला. “सत्यशीला, जाऊ दे त्यांना. त्यांचा खोळंबा होऊन राह्यला.”

“एक काम हाय, आत्याबाई,” सत्यशीला म्हणाली आणि मिथुनकडं वळली. “दादा, हा दहा महिन्यांचा झालाय. हाक मारली तर कधी बघतो, कधी न्हाई. थाळी वाजवली तर वळतो, पण ती हाताची सावली बघून. दिवसभर ट्रक जातेत, हा झोपलेला.”

“रस्त्यावरचं लेकरू हाय, सवय झालीय,” गोपिकाबाई दोघांच्या मधे येत म्हणाल्या. “ह्याचा बाप बी असाच होता. हिनं उगाच जालन्याच्या डॉक्टरचं मनात घेतलंय.”

“ट्रकची सवय असंल. हिची कुठून असंल?” सत्यशीलानं गाडीवर हात ठेवला. “एकदा ओरडू द्या हिला. ह्यानं ऐकलं न्हाई, तर सोमवारी मी ह्याला जालन्याला नेणार. मंग कोणी आडवं येऊ नका.”

मिथुननं गाडी ओट्याजवळ घ्यायला चावी काढली, तर तिनं अडवलं. “तिथंच ऱ्हाऊ द्या. जवळ आणली तर धडधड अंगाला लागती, ते खरं न्हाई. आणि आधी हात वर करा.”

ती ओट्यावर बसली. लेकराला मांडीवर आपल्याकडं तोंड करून धरलं, गाडीकडं त्याची पाठ. मिथुननं हात वर केला आणि इंजिन चालू केलं. लेकरू तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिलं. गोपिकाबाई लेकराच्या तोंडाकडं वाकून बघू लागल्या.

मिथुननं पुन्हा हात वर केला. बटण दाबलं. पाय दाबला.

शेजारच्या बाभळीवरचे बगळे उडाले. लेकराच्या हातातले मणी सुटले, डोळे मोठे झाले आणि त्यानं वळून गाडीकडं बघितलं.

“ऐकलं गं माय,” गोपिकाबाई म्हणाल्या.

“अजून एकदा,” सत्यशीला म्हणाली.

अजून दोनदा केलं. दोन्ही वेळा ते वळलं. दुसऱ्यांदा तर हसलंच. सत्यशीलानं त्याच्या पोटात तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

मग लेकराला खांद्यावर टाकून ती रस्त्यावर आली, बारदान गोळा केलं, मिथुनला मान हलवून निरोप दिला आणि घराकडं चालू लागली.

मिथुननं पट्टा लावला. काच खाली घेतली. “ताई, नाव काय ठेवलंय ह्याचं?”

ती चालत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग हॉर्न दाबला, चांगला लांब.

ओट्यावर गोपिकाबाई दचकल्या. लेकरानं झटकन मान उचलून गाडीकडं बघितलं. सत्यशीलाची पावलं मात्र तशीच, त्याच चालीनं पडत होती. खांद्यावरचं वजन हललं तेव्हा ती थांबली. तिनं लेकराचं तोंड बघितलं, ते कुठं बघतंय ते बघितलं, आणि मग ती वळली.