आधी लागलेले चौथे रीळ

दुसऱ्याचा दोष झाकणे पुण्य की पाप, हे क्षणार्धात ठरवताना विवेकाची कसोटी लागते. मूकपटाच्या खेळाला पियानोची साथ करणाऱ्या थोरल्या भावावर ती वेळ आली. प्रोजेक्टर चालवणाऱ्या धाकट्याने तिसऱ्याऐवजी चौथे रीळ लावले. नायकाची आई आजारी पडण्यापूर्वीच पडद्यावर तिची अंत्ययात्रा निघाली. “पुन्हा चुकलास तर घरी बसशील,” ही थिएटरच्या मालकांची धाकट्याला तंबी होती. थोरल्याने शोकसुरांऐवजी अंगाई अशी तरल वाजवली, की ते दृश्य दुःस्वप्नच वाटावे. त्यानंतर लागलेल्या तिसऱ्या रिळात आई हसताना दिसताच प्रेक्षक सुटकेने म्हणाले, “स्वप्न होतं होय!” खेळानंतर धाकटा म्हणाला, “दादा, वाचवलंस! डब्यांवरचे आकडेच दिसत नाहीत रे. कुणाला सांगू नकोस.” थोरल्याने मान डोलावली; पण नजर अधू झालेला हा चित्रपटाच्या ज्वालाग्राही फितींजवळ एकटाच असतो, या विचाराने त्याला घोर लागला. दोघांनाही सत्य बोलण्याचे बळ लाभो.