चौथा प्रबंध

दोन्ही आलेख एकावर एक तंतोतंत बसले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ते बसायला नको होते. हा पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा विझलेला तारा, सेकंदाला अकरा फेऱ्या घेतो. दर फेरीला क्ष-किरणांचा झोत आधी येतो, गॅमा किरणांचा पाव फेरीने मागाहून. म्हणजे दोन्ही झोत ताऱ्याच्या वेगवेगळ्या जागांवरून निघतात. हा सरांचा शोध. याच शोधावर सरांचं नाव झालं. त्यांच्या कपाटात तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध होते, तिन्ही याच ताऱ्यावर, तिन्हींत हेच उत्तर. प्रयोगशाळेत विनोद चाले, की सरांना आपली टिमकी वाजवायला थोड्या थोड्या वर्षांनी नवा माणूस लागतो.

चौथी ती. शुक्रवारपर्यंत प्रबंधावर सरांची सही हवी होती. तिची नोकरी त्या सहीवर अडली होती.

आणि आज ही भानगड. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून किरण पोचल्याच्या वेळा दुरुस्त कराव्या लागतात. क्ष-किरणांच्या वेळा उपग्रह केंद्राकडूनच दुरुस्त होऊन येत होत्या. सरांचा जुना प्रोग्राम त्या पुन्हा दुरुस्त करत होता. तिने प्रोग्राममधली ती दुरुस्तीची ओळ काढली. अंतर गायब. ओळ परत घातली. अंतर हजर. सकाळपासून दहा वेळा तिने हाच खेळ केला. तिघंही चुकतील? सर चुकतील? की आपलंच डोकं ठिकाणावर नाही? तिला काही म्हणजे काही कळेना. ओळ तशीच ठेवली तर सही नक्की होती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

शेवटी लॅपटॉप उचलून ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझंच काहीतरी चुकत असेल. पण दोन्ही झोत एकाच वेळी येताहेत."

सरांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली. गेली सही, असं तिला वाटलं.

"सहीचा कागद ठेव इथे, आणि शेवटचं प्रकरण नव्याने लिही," सर म्हणाले. "काहीतरी चुकलंय, एवढं मला पंधरा वर्षं कळत होतं. कुठे, ते सापडत नव्हतं. म्हणून तर प्रत्येकाला हाच तारा देत होतो."