कुंचीचं माप

सासूबाईंनी हौसेनं शिवलेली कुंची बाळाच्या डोक्यावर बसेना, तेव्हापासून शर्वरीला रोज एकच ऐकावं लागत होतं, "आमच्या घराण्यात एवढं डोकं कुणाचंच नाही हो. हे तुझ्या माहेरचं!"

आज दवाखान्यात सासूबाईंच्या मांडीवरच्या बाळाच्या डोक्याला डॉक्टरीणबाईंनी टेप लावली, आकडा वाचला आणि पुन्हा एकदा लावली. शर्वरीनं घाबरून विचारलं, "काही वाईट आहे का हो?"

"बाळ हसतंय, बसतंय, अंगानंही छान भरलंय. डोक्याचं माप बऱ्याचदा आईबापांकडून येतं. आधी तुमची दोघांची डोकी मोजू या."

शर्वरीचं माप चारचौघींसारखंच निघालं. मग नवऱ्यानं लाजत मान पुढे केली. टेपेवरचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंना हसूच फुटलं. "सापडला चोर! बाळ ठणठणीत आहे. बापाचं डोकं घेऊन आलंय."

शर्वरीचा जीव भांड्यात पडला. तिनं हळूच सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरून डॉक्टरीणबाईंना ऐटीत म्हणाल्या, "याच्या आजोबांना तर बाजारात टोपीच मिळायची नाही. शिंप्याकडून मुद्दाम शिवून घ्यावी लागायची!"

"पण आई, तुम्हीच तर म्हणत होतात..."

"ते राहू दे. घरी गेल्यावर ती कुंची दे, उसवते. चुकून तुझ्या माहेरच्या मापाची शिवली गेली."