धप्पा कोण देणार?

"हरलो गं जुई, ये बाहेर!" मी पुन्हा ओरडलो, तरी नात काही येईना.

लेकाच्या अमेरिकेतल्या घरात सगळीकडे शोधलं. शेवटी कपाटात सापडली, बाहुलीच्या तोंडावर हात दाबून बसलेली.

"कोणी हाक मारली तरी गप्प राहायचं, आबा. शाळेत असंच लपायला शिकवतात. बंदूकवाला आला तर."

"ही कसली लपाछपी?" मी तडकलो. "मिरजेत आम्ही गिरणीमागे लपायचो. पीठ लागून भुतासारखे पांढरे व्हायचो. पण नुसतं लपून बसण्यात कोणाला गंमत होती! मागून धावत यायचं आणि राज्य असेल त्याच्या पाठीत धप्पा घालायचा. सगळे सुटले! पुन्हा त्याच्यावरच राज्य."

सांगता सांगता मला तो पिठाचा गरम वास आला. जुईने खिदळत माझ्या पाठीत धप्पा घातला. मग थबकली.

"शाळेत धप्पा कोण देणार?"

बंदूकवाल्याला रोखायला वर्गातल्या बाईंनाच बंदूक द्यायची का, यावर शाळेत पालकसभा होती. तिचे आईबाबा तिथेच भांडायला गेले होते.

भिंतीकडे तोंड करून मी आकडे म्हणायला लागलो. ती लपायला गेलीच नाही. माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली.